आर्च मॅनिंग एनएफएलमध्ये टिकेल का?

ऑस्टिनकर

मंडळी, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर इथे फारसं कुणी लिहीत नाही, पण आमच्या गावात गेलं वर्षभर दुसरा विषयच नाही. ऑफिसात, देशी दुकानाच्या रांगेत, मराठी मंडळाच्या जेवणात, सगळीकडे एकच चर्चा: आर्च मॅनिंग पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, चालणार की नाही? डॅलसपासून न्यू जर्सीपर्यंतचे फुटबॉलवेडे इथे वावरतात हे ठाऊक आहे, म्हणून धागा काढतोय.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आर्च हा टेक्सस विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू. आजोबा आर्ची 1971 च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलचे संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात त्यात) दुसऱ्या क्रमांकावर निवडले गेले. काका पेटन 1998 मध्ये पहिला, धाकटा काका ईलाय 2004 मध्ये पहिला. दोघांचे मिळून चार सुपर बोल, म्हणजे लीगची विजेतेपदं. वडील कूपर रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, होते, पण पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे कॉलेजात एकही सामना न खेळता त्यांना थांबावं लागलं. असं घराणं, त्यात हा मुलगा 2023 मध्ये हायस्कूलमधून आला तो देशातला पहिल्या नंबरचा म्हणून.

दोन वर्षं तो क्विन युअर्सच्या मागे बाकावर बसला. 2025 मध्ये संघ त्याच्या हाती आला. मोसम सुरू होण्याआधीच्या पत्रकारांच्या एपी क्रमवारीत टेक्सस पहिला होता आणि अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या. पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेटने त्याला कोलंबसमध्ये 14-7 असं गुंडाळलं. मग फ्लोरिडाकडून हार, जॉर्जियाकडून 35-10 असा सपाटून मार. दुसरीकडे ओक्लाहोमा, व्हँडरबिल्ट, टेक्सस ए अँड एम यांच्यावर विजय आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी सिट्रस बोलमध्ये मिशिगनवर 41-27. एकूण 10 विजय, 3 पराभव. प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदाची बाद फेरी, मात्र हुकलं. त्याचे स्वतःचे पासवरचे यार्ड 3,000 च्या वर, 26 टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार), 7 इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास).

माझं मत आधीच सांगून टाकतो. पोरगा टिकेल. पण आडनावामुळे नाही आणि दंडातल्या ताकदीमुळेही नाही. दोन गोष्टी जुळल्या तर टिकेल: बाहेर पडण्याआधी त्याचे पुरेसे सामने व्हायला हवेत, आणि नंतर तो ज्या संघात जाईल तिथे त्याच्यासमोर बरी लाइन, म्हणजे त्याला वाचवणारी फळी, आणि बाजूला शहाणा कोच असायला हवा. यंदा ड्राफ्टला न जाता तो टेक्ससला परत आला, हा त्याचा सगळ्यात चांगला निर्णय.

नवखी

ऑस्टिनकर, मी अमेरिकेत येऊन वर्ष होत आलं, खेळ अजून कळतोय. कॉलेजात एवढे टचडाऊन करणारा मुलगा पुढे का चालणार नाही, हेच मला समजत नाही. चेंडू तोच, मैदान तेच, माणसंही तिथलीच ना?

लेफ्ट_टॅकल

नवखी, प्रश्न अगदी मुद्द्याचा विचारलात. जरा सविस्तर लिहितो.

मैदान लांबी-रुंदीला सारखंच, पण त्यावरच्या हॅशच्या खुणा वेगळ्या. प्रत्येक डावाची सुरुवात या दोन खुणांच्या मध्ये कुठेतरी होते. कॉलेजात त्या दोन रांगांमधलं अंतर 40 फूट, एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंच. म्हणजे कॉलेजात चेंडू एका हॅशवर असला की पलीकडच्या बाजूला मोकळं रान पडतं, बचावाला ते सगळं झाकता येत नाही, आणि हुशार कोच तिथेच पोराला सोपे पास काढून देतो. एनएफएलमध्ये चेंडू जवळजवळ मधोमध राहतो. बचाव दोन्ही बाजू राखून उभा असतो. ते मोकळं रान जातं.

आता आरपीओ, म्हणजे पळायचं की फेकायचं हे आयत्या वेळी ठरवायचा डाव, बघा. स्नॅप झाल्यावर, म्हणजे चेंडू मागे हातात आल्यावर, एका ठरावीक बचावपटूकडे बघायचं, तो पुढे आला तर चेंडू फेकायचा, मागे राहिला तर धावणाऱ्याच्या हातात द्यायचा. टेक्ससचे कोच स्टीव्ह सार्किशियन हे फार सुरेख आखतात. पण कॉलेजात पास सुटण्याआधी लाइनमन तीन यार्ड पुढे गेलेले चालतात, एनएफएलमध्ये एकच. तीन यार्ड मुभा असली की लाइन धावण्याच्या डावासारखी पुढे सरकते, बचावपटू फसतो आणि क्वार्टरबॅकला तेवढा श्वास मिळतो. एका यार्डात ते जमत नाही. शिवाय कॉलेजात रिसीव्हरचा एक पाय रेषेच्या आत पडला की झेल धरला जातो, एनएफएलमध्ये दोन्ही पाय लागतात, त्यामुळे कडेचे पास अजून नेमके हवेत.

आणि माणसं तिथलीच म्हणालात, ते तितकंसं खरं नाही. कॉलेजात समोरच्या अकरात पुढे व्यावसायिक होणारे दोन-चार असले तरी संघ भारी समजायचा. एनएफएलमध्ये अकराही तसेच. कॉलेजात रिसीव्हर दोन पावलं मोकळा दिसला की फेकायचं. वर गेल्यावर तो मोकळा होण्याआधीच फेकावं लागतं, कारण दिसेपर्यंत संधी गेलेली असते.

म्हणून टचडाऊनचे आकडे बघून काही ठरवू नका. पॉकेट मोडायला लागल्यावर, म्हणजे भोवतीची भिंत ढासळायला लागल्यावर, त्याचे डोळे आणि पाय काय करतात तेवढं बघा. आणि तिथेच मला आर्चबद्दल शंका आहे. फ्लोरिडाविरुद्ध त्याला सहा वेळा सॅक केलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलं. लाइन वाईट होती हे मान्य, पण त्यातले काही सॅक चेंडू जास्त वेळ धरून ठेवल्याचे होते.

ह्यूस्टनवासी

लाइनचा विषय निघालाच आहे तर आमच्या ह्यूस्टनची जखम सांगतो. 2002 मध्ये टेक्सन्स हा नवा संघ आला आणि पहिल्या क्रमांकावर डेव्हिड कारला घेतलं. अंगात गुण होते, शिकण्याची तयारी होती. पहिल्याच मोसमात त्याला 76 वेळा सॅक केलं. एका मोसमातला तो विक्रम आजही तसाच आहे. नंतर तो कधी सावरलाच नाही. बरगड्यांवर एवढे तडाखे बसल्यावर माणूस रिसीव्हर बघायचं सोडून अंगावर येणाऱ्यांकडे बघायला लागतो.

आर्चच्या आजोबांचंच बघा ना. आर्ची मॅनिंग हा त्या पिढीतला विलक्षण खेळाडू, पण न्यू ऑर्लिन्सचा तेव्हाचा सेंट्स म्हणजे कायमचा तळातला संघ. सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत त्यांची नोंद 35 विजय, 101 पराभव, 3 बरोबरी. एकही मोसम जिंकणारा नाही. माणूस तोच एखाद्या भल्या संघात गेला असता तर आज वेगळंच ऐकलं असतं. तेव्हा ऑस्टिनकरांच्या दुसऱ्या अटीला माझं पूर्ण अनुमोदन.

सदाशिवपेठी

मी इथे पुण्यात बसून रात्री जागून बघतो, त्यामुळे माझं मत बाहेरच्याचं समजा. आपल्याकडे रोहन गावसकरकडे बघताना लोकांच्या डोळ्यांसमोर सुनील गावसकर असायचे. गुणी खेळाडू होता, 2004 मध्ये भारताकडून 11 एकदिवसीय सामने खेळला, पण कसोटी नाही मिळाली. अर्जुन तेंडुलकर मुंबई सोडून गोव्याकडून खेळायला गेला, रणजी पदार्पणात शतक काढलं, तरी प्रत्येक बातमीत पहिलं वाक्य वडिलांचं. मोठ्या आडनावाच्या पोराला शांतपणे चुका करायला जागाच मिळत नाही. आर्चचंही तेच होईल असं वाटतं.

ऑस्टिनकर

सदाशिवपेठी, ओझं आहेच, ते मी डोळ्यांनी बघितलंय. सप्टेंबरात युटेपविरुद्धचा सामना घरच्या मैदानावर होता. समोरचा संघ लहान, आणि आर्चचे एका टप्प्यावर ओळीने दहा पास हुकले. घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. वीस-एकवीस वर्षांच्या पोरावर ओरडणाऱ्या त्या स्टेडियमची मला मनापासून लाज वाटली.

पण त्या दिवशी मी खाली कोपऱ्याच्या रांगेत होतो आणि नेमकं काय बिघडतंय ते तिथून स्वच्छ दिसत होतं. चेंडू हातात आल्यावर मागचा पाय रोवायचा, पुढचा पाय लक्ष्याच्या दिशेने टाकायचा, कंबर वळवायची आणि हात वरून आणायचा, हा क्रम. त्याचा पुढचा पाय डावीकडे उघडा पडत होता. वजन मागच्या टाचेवरच अडकलेलं. मग कमरेचा जोर मिळत नाही, तो भरून काढायला हात खांद्याच्या खाली उतरून कडेने फिरत होता आणि चेंडू रिसीव्हरच्या पायाशी आपटत होता. दंडात काही कमी नव्हतं. लाइनवरचा विश्वास उडाल्यामुळे पाय घाई करत होते.

आता नोव्हेंबरातला व्हँडरबिल्टचा सामना पुन्हा बघा. 33 पैकी 25 पास पूर्ण, 328 यार्ड, तीन टचडाऊन. समोरून धावत येणारा दिसत असतानाही तो अर्धं पाऊल पुढे सरकून, पाय रोवून फेकतोय. त्याच्या आदल्या आठवड्यात मिसिसिपी स्टेटविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये 17 गुणांनी मागे असताना संघाने सामना बरोबरीत आणला. जादा वेळेत आर्चला डोक्याला मार लागून बाहेर जावं लागलं, तरी पुढच्याच आठवड्यात असा खेळला. दोन महिन्यांत पाय सुधारले, तेही भर मोसमात, सगळा देश नावं ठेवत असताना. मला जे दिसतं ते हे.

आडनावाचा फायदाही नेमका कुठे होतो ते सांगतो. हे कुटुंब लुइझियानात थिबोडो इथे दर उन्हाळ्यात पासिंग अकॅडमी भरवतं, ती सुरू झाली 1996 मध्ये. देशातले उत्तम कॉलेज क्वार्टरबॅक तिथे मुलांना शिकवायला येतात. आर्च लहानपणापासून त्या मैदानावर वाढला. बचाव कसा वाचायचा हे विचारायला घरात पेटन मॅनिंग. रक्तातून काही येत असेल-नसेल, पण ही शाळा दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

लेफ्ट_टॅकल

व्हँडरबिल्टचा सामना चांगलाच होता, वाद नाही. पण त्यानंतर जॉर्जिया आली आणि 35-10. बचाव जेव्हा खरोखर एनएफएलच्या जवळ जाणारा होता, तेव्हा काय झालं? ओहायो स्टेटविरुद्ध 7 गुण, जॉर्जियाविरुद्ध 10 गुण. मिशिगनविरुद्ध तो धावून 150 च्या वर यार्ड काढतो, छान दिसतं, पण एनएफएलमध्ये असं धावणाऱ्याला दुखापत फार लांब नसते.

आणि युअर्सचं उदाहरण कुणी काढत नाहीये. तोही हायस्कूलमधून देशातला पहिला होता. तोच कोच, तीच पद्धत, तीन वर्षं सुरुवातीपासून खेळला, संघाला दोनदा प्लेऑफमध्ये नेलं. 2025 च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत, 231 वा. ज्या पद्धतीत युअर्स एवढा चांगला दिसला, त्याच पद्धतीत आर्च चांगला दिसतोय. मग त्यातलं किती आर्चचं आणि किती सार्किशियन यांचं?

प्लानोची_आई

लेफ्ट_टॅकल, ताकदीतला आणि चपळाईतला फरक विसरू नका. युअर्सला पळून बाहेर निघता येत नसे, आर्चला येतं, आणि लांबचा पास आर्चचा कितीतरी सरस.

माझा मुलगा इथे हायस्कूलच्या संघात राखीव क्वार्टरबॅक आहे, त्यामुळे घरात हेच चालू असतं. त्याचे कोच एक सराव घेतात. मुलगा तीन पावलं मागे जातो, तेवढ्यात समोरून दोघं जण फोमच्या मोठ्या गाद्या घेऊन त्याच्या अंगावर ढकलत येतात, आणि मागून कोच बोटं दाखवतात. मुलाने गादीकडे न बघता बोटं किती ते ओरडून सांगायचं आणि मग फेकायचं. सुरुवातीला सगळीच मुलं खाली, गादीकडे बघतात. किती आठवडे जातात ती मान वर ठेवायला! हे पाहिल्यापासून मी टीव्हीवर चेंडूकडे बघतच नाही, क्वार्टरबॅकच्या हेल्मेटकडे बघते. मोसमाच्या सुरुवातीला आर्चचं हेल्मेट खाली झुकायचं. शेवटी शेवटी नाही.

नायगाराकाठ

बफेलोकडून दोन शब्द. 2018 मध्ये आम्ही जॉश ॲलनला सातव्या क्रमांकावर घेतला तेव्हा इथल्या लोकांनीही कपाळाला हात लावला होता. वायोमिंगसारखं लहान विद्यापीठ, पास पूर्ण होण्याचं प्रमाण 56 टक्क्यांच्या आसपास. एवढा चुकणारा क्वार्टरबॅक वर सुधारत नाही, असं सगळे जाणकार सांगत होते. पहिल्या वर्षी 52.8 टक्के. मग त्याने उन्हाळ्यात पाय आणि कमरेवर काम केलं, संघाने लाइन बांधली, आक्रमणाचे कोच ब्रायन डेबोल यांनी त्याच्यासाठी पद्धत आखली, 2020 मध्ये स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर आणला. त्या वर्षी 69.2 टक्के. 2024 मध्ये एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

त्याच ड्राफ्टमध्ये जॉश रोझन दहावा होता. फेकण्याची पद्धत सगळ्यात देखणी त्याची, असं तेव्हा म्हणत. एका वर्षात ॲरिझोनाने दुसरा क्वार्टरबॅक घेतला आणि रोझन या संघातून त्या संघात फिरत राहिला. सॅम डार्नल्ड तिसरा, न्यूयॉर्कमध्ये बुडाला असं सगळे म्हणत होते, आणि 2024 मध्ये मिनेसोटात त्याच माणसाने 14 सामने जिंकले. तेव्हा ऑस्टिनकर म्हणतात ते आम्ही जवळून बघितलंय. कुठे जाऊन पडतो यावर अर्धं आयुष्य ठरतं.

गणिती

किती सामने खेळून पोरगा वर गेला, हा आकडा मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त सांगून जातो. मिचेल ट्रुबिस्की कॉलेजात 13 सामने सुरुवातीपासून खेळला, 2017 मध्ये दुसरा निवडला गेला, त्याच ड्राफ्टमध्ये पुढे सुपर बोल जिंकणारा महोम्स दहावा होता. अँथनी रिचर्डसन 13 सामने, 2023 मध्ये चौथा. ट्रे लान्स 17, 2021 मध्ये तिसरा. तिघंही वर फारसे चालले नाहीत. याउलट जेडन डॅनियल्स 55 सामने खेळून आला आणि पहिल्याच वर्षी वॉशिंग्टनला कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. बो निक्स 61 सामने खेळला, डेन्व्हरला पहिल्या वर्षीच प्लेऑफ.

अपवाद आहे तो कॅम न्यूटन. ऑबर्नमध्ये एकच वर्ष, तरी 2015 चा एमव्हीपी. पण तसं शरीर दहा वर्षांत एखाद्याला मिळतं.

आर्चचे आत्तापर्यंत 15 होतात, 2024 मधले दोन आणि गेल्या मोसमातले 13. म्हणजे यंदा निघाला असता तर थेट ट्रुबिस्कीच्या रांगेत. या मोसमानंतर तिशीच्या आसपास जाईल. मी असतो तर त्यानंतरचंही एक वर्ष खेळलो असतो. 2023 मध्ये तो फक्त दोन सामन्यांत उतरला होता, त्यामुळे नियमाने 2027 सुद्धा त्याच्या हातात आहे.

नवखी

पण एवढं थांबणं परवडतं का? दुखापत झाली तर सगळंच गेलं ना?

ह्यूस्टनवासी

आता परवडतं. पूर्वी कॉलेजात खेळाडूला उघडपणे एक पैसा घेता येत नसे, म्हणून गरिबाघरची मुलं मिळेल त्या क्षणी ड्राफ्टला पळायची. 2021 पासून स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात आणि 2025 च्या जुलैपासून विद्यापीठंही थेट पैसे देतात. आर्चला पैशाची घाई आधीही नव्हती, आता तर मुळीच नाही.

ऑस्टिनकर

गणिती, आकडे एका जागी मांडलेत, आभार. ह्यूस्टनवासींच्या पैशाच्या मुद्द्याला जोडून आणखी एक सांगायचंय.

2004 मध्ये सॅन डिएगोचा चार्जर्स पहिल्या क्रमांकावर निवडणार होता. ईलाय आणि आर्ची यांनी आधीच कळवलं की तिथे खेळणार नाही. लोकांनी नावं ठेवली, उद्धट म्हणाले. चार्जर्सने त्याला निवडलं आणि त्याच दिवशी अदलाबदल करून न्यूयॉर्क जायंट्सकडे पाठवला. ईलायचं पहिलं वर्ष वाईटच गेलं, सुरुवातीपासून खेळलेल्या सातपैकी एकच सामना जिंकला, पण संघाने त्याला सांभाळलं, आणि त्याने दोन सुपर बोल मिळवून दिले. दोन्ही वेळा सामन्याचा मानकरी तोच. स्वतः आर्चींनी सेंट्समध्ये जे भोगलं ते मुलाच्या वाट्याला येऊ नये म्हणून बाप उभा राहिला, असंच मला वाटतं.

पेटनचंही पहिलं वर्ष आठवा. 1998, कोल्ट्स, 3 विजय आणि 13 पराभव, 28 इंटरसेप्शन. नवख्याच्या नावावरचा तो नको असलेला विक्रम. तरी त्याला बाकावर बसवलं नाही. पुढे पाच वेळा एमव्हीपी.

म्हणजे या घराने तिन्ही प्रकार अनुभवलेत. बुडवणारा संघ, नाकारलेला संघ आणि थांबून बघणारा संघ. आर्चसमोर 2027 चा ड्राफ्ट आला आणि पहिला क्रमांक एखाद्या दर दोन वर्षांनी कोच बदलणाऱ्या संघाकडे असला, तर तो परत टेक्ससला येऊन बसू शकतो. डेव्हिड कारला हे जमलं नसतं, ट्रुबिस्कीलाही नाही. म्हणून मी त्याच्यावर पैज लावायला तयार आहे.

लेफ्ट_टॅकल

संघ निवडता येईल हे मान्य. पण जॉर्जियासारख्या बचावाचं काय, याचं उत्तर या धाग्यात मला अजून कुणी दिलेलं नाही. चांगल्या संघात गेला तरी समोर दर रविवारी तसाच बचाव येणार. मी माझ्या मतावर ठाम आहे: आज घडीला तो पहिल्या फेरीतला आहे, पहिल्या पाचातला नाही.

ऑस्टिनकर

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, त्याच्याकडे आहे. 12 सप्टेंबरला ओहायो स्टेट ऑस्टिनला येतेय. तिसरा डाऊन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा), सात-आठ यार्ड हवेत, आणि ते पाच जण त्याच्या अंगावर सोडतील तेव्हा त्याचा पुढचा पाय कुठे पडतो तेवढं मी बघणार आहे. तुम्ही त्या दिवशी कुठे असाल? आमच्याकडे जागा आहे, या. प्लानोची_आई, लेकाला पण घेऊन या.

प्लानोची_आई

येतो. तो आत्ताच विचारतोय, कुठल्या बाजूच्या रांगा आहेत?